मी घरी, धाकटी जाऊ नोकरीवर : कोणाचं जड?

रानजाई | १४ जानेवारी, रात्री ११:१०

नमस्कार. इथलं नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदा. कराडपासून बारा किलोमीटरवर आमचं गाव. एकत्र घर. सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि तीन मुलं. मी बी.कॉम. लग्नाआधी आणि नंतर मिळून चार वर्षं पतसंस्थेत कॅशियर होते. २०१२ ला थोरला झाला आणि नोकरी सुटली. सोड असं कोणी म्हटलं नाही. सासूबाईंचे गुडघे त्याच वर्षी गेले, गोठ्यात चार म्हशी, बाळाला कोण बघणार हे कोणी विचारलंच नाही आणि मी आपसूक जायची थांबले.

धाकटी जाऊ खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. तिची मुलगी २०१७ च्या ऑगस्टची. त्याच एप्रिलपासून बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली होती म्हणून तिला पाच महिने तरी बाळाजवळ राहता आलं. मग ती ड्युटीवर आणि बाळ माझ्याकडं. ती दूध काढून वाट्यांत झाकून फ्रीजमध्ये ठेवून जायची, मी वाटी कोमट पाण्यात धरून चमच्यानं पाजायची. लशी, बालवाडी, कांजिण्या, पहिला पडलेला दात, सगळं माझ्या हातचं. पोरगी मला मोठी आई म्हणते.

परवा वरच्या मजल्याची वास्तुशांत झाली. दीडशे पान होतं. मी पंगतीत आमटी वाढत होते आणि सासूबाई माझ्या माहेरच्या माणसांना सांगत होत्या, "धाकटीच्या पगारावर उभं राहिलं बघा हे घर." खोटं नाही ते, हप्ता तिच्याच पगारातून जातो. पण हातातली बादली मला उचलवेना.

रात्री भांडी आवरताना मी जावेजवळ तेवढंच बोलले. ती म्हणाली, "वहिनी, तुमचं बरंय. पोरं तुमच्या डोळ्यांपुढं वाढली."

तिच्या मनात वाईट नव्हतं, मला कळतं. तरी झोप लागली नाही. पहाटे पाचला धारा, मग डबे, सासऱ्यांची साखर तपासायची, तिघांचा अभ्यास, रात्री अकराला मोरी धुतली की दिवस संपतो. रविवार नाही, रजा नाही. बँकेत माझ्या नावावर लाडकी बहीणचे पंधराशे येतात, २०१२ नंतर माझे म्हणावे असे तेवढेच.

घरी राहणाऱ्या आईचं जड की नोकरीवाल्या आईचं? मला खरंच ऐकायचंय. "दोघीही सारख्याच" एवढंच लिहू नका. त्यानं पोट भरत नाही.

सात_त्रेपन्न | १५ जानेवारी, सकाळी ८:०५

ताई, आत्ता गाडीतूनच लिहितेय. मी तुमच्या जावेच्या बाजूनं बोलणार आहे, राग मानू नका.

डोंबिवलीत राहते, ऑफिस लोअर परळला. मुलगा साडेतीन वर्षांचा. सातला त्याला पाळणाघरात सोडते. रोज तो जिन्यापर्यंत गप्प असतो आणि दार उघडलं की माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरतो. ती मूठ सोडवून मी गाडी पकडते. लेडीज डब्यात आम्ही बायका मटार सोलतो, मेथी निवडतो, पोरांच्या वह्यांना कव्हरं घालतो. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली पहिली लेडीज स्पेशल धावली. सासूबाई त्या काळात फोर्टला जायच्या, त्याही गाडीत भाजीच निवडायच्या. तीस वर्षं उलटली, निवडायची भाजी आमच्याच मांडीवर आहे.

२०१७ च्या त्याच कायद्यात लिहिलंय की पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता आलं पाहिजे. आमच्या ऑफिसात तीनशे माणसं आहेत. पाळणाघर नाही. बाळ सात महिन्यांचं असताना मी बाथरूममध्ये उभी राहून दूध पिळून बेसिनमध्ये सोडत होते, कारण साठवायला जागा नव्हती. तुमच्या जावेच्या बाळाला आईचं दूध तुमच्या हातून मिळालं. ते वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

एकच विचारते. पाळणाघराला मी महिन्याला नऊ हजार देते, पोळ्यांच्या मावशींना साडेतीन. तुमची जाऊ तुम्हाला काय देते?

पाटाचं_पाणी | १५ जानेवारी, सकाळी ९:३०

घरच्या माणसांत पैसे आणले की घर राहत नाही. जाऊ म्हणजे पाळणाघरवाली नव्हे.

सात_त्रेपन्न | १५ जानेवारी, सकाळी ९:५२

पैसे आधीपासूनच आहेत की घरात. हप्ता त्यातूनच जातोय. फक्त ताईंच्या कामाचे त्यात मोजलेले नाहीत.

निवृत्त_बाई | १५ जानेवारी, दुपारी २:१५

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. १९८६ साली मुलगा झाला तेव्हा रजा ९० दिवसांची होती. बदलीचं गाव डोंगरात, एसटी दिवसातून दोनदा. मुलगा चार महिन्यांचा असताना मिरजेला माझ्या आईकडे ठेवला आणि दर शनिवारी जायची. दोन वर्षं.

बदली जवळ झाल्यावर त्याला आणायला गेले. तो आईच्या पदरामागं लपला आणि मला "बाई" म्हणाला. माझ्या आईला सगळे बाई म्हणायचे नाहीत, ते मलाच म्हणायचे. त्यानं माणसांच्या तोंडून ऐकलं होतं. आज तो चाळिशीला टेकलाय, माझ्यावर जीव लावतो, पण ती हाक मी विसरलेले नाही.

रानजाई, तुमची जाऊ "पोरं तुमच्या डोळ्यांपुढं वाढली" म्हणाली ना, तो टोमणा नाही. ते तिचं रडणं आहे. माझ्या आईला मीसुद्धा हेच वाक्य म्हटलं होतं.

आणि हेही लिहिते. माझ्या आईनं ती दोन वर्षं कशी काढली हे मी तिला कधी विचारलं नाही. तेव्हा ती एकोणसाठ वर्षांची होती, तिला दमा होता.

कायदेकानू | १५ जानेवारी, रात्री ९:४०

मी वकिली करते, मोटार अपघाताचे दावे बरेच चालवलेत. घरी राहणाऱ्या बाईच्या कामाची किंमत आपल्याकडे मुख्यतः कोर्टात ठरते आणि तीही ती बाई अपघातात गेल्यावर. जमशेदपूरला १९८९ साली समारंभात आग लागून बायका-मुलं गेली, त्या लता वाधवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली गृहिणीच्या सेवेचं मोल महिना ३,००० रुपये धरलं. २०१० च्या एका निकालात न्यायालयानं जनगणनेवर कडक ताशेरे ओढले, कारण २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायका भिकारी, वेश्या आणि कैद्यांबरोबर "काम न करणारे" या एका रकान्यात होत्या. २०२१ साली कीर्ती या अपघात-भरपाईच्या प्रकरणात न्यायमूर्ती रमणा यांनी सरकारच्या वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला. २०१९ च्या त्या पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, करणाऱ्या पुरुषांचा ९७. २०२४ ला परत मोजलं तेव्हा बायकांची २८९ मिनिटं भरली आणि पुरुषांची ८८. म्हणजे पुरुषांचीही कमीच झाली.

मेलेल्या बाईचा नवरा माझ्यासमोर बसून सांगतो, "मॅडम, ती सगळं करायची हो." मी लिहून घेते : स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूचं दुखणं, शिवण, जनावरं. ती यादी तिच्या हयातीत कोणी लिहिलेली नसते.

रानजाई, एक माहितीसाठी विचारते. घराच्या उताऱ्यावर नाव कोणाचं आहे?

मांडवी | १५ जानेवारी, रात्री १०:३०

गोव्यातल्या फोंड्याहून. वरचा प्रश्न वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते, अर्धी त्याची, अर्धी तिची. घर विकायचं तर दोघांच्या सह्या लागतात. माझी आई चौथी शिकलेली, जन्मभर चूल आणि कुळागर. बाबांनी सुपारीच्या बागेचा तुकडा विकायला काढला तेव्हा आई सहीला बसली नाही. "मला विचारून मग गिऱ्हाईक बघा," म्हणाली. व्यवहार मोडला.

गोव्यातल्या बायकांचं सगळं आलबेल आहे असं नाही. भावांसाठी हक्क सोडल्याच्या सह्या इथंही बहिणी करतात. पण घरी बसलेली आई "काही कमवत नाही" असं आमच्या घरात कोणी बोललेलं मी ऐकलं नाही. ती सही सगळ्यांना ठाऊक होती.

हडसनकाठ | १६ जानेवारी, पहाटे ४:२०

इथं संध्याकाळ आहे. मी न्यू जर्सीत, २०१३ ला आले. पुण्यात पाच वर्षं टेस्टिंगमध्ये होते. एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागून बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर आले आणि काम करायला कायद्यानंच बंदी. २६ मे २०१५ पासून काही जणींना परवाना मिळायला लागला, तोही मुख्यतः नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीनकार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज, मंजूर असेल तर. आमचा २०१९ ला झाला. म्हणजे सहा वर्षं मी घरी होते आणि तो निर्णय माझा नव्हता, नवऱ्याचाही नव्हता.

त्या सहा वर्षांत दोन मुलं झाली. मदतीला कोणी नाही. सासूबाई सहा महिने येऊन गेल्या, मग आई सहा महिने. बर्फात बाबागाडी ढकलत वाचनालयात जायची, तिथं दुसऱ्या आया विचारायच्या, तू काय करतेस. मला उत्तर यायचं नाही. आता नोकरी आहे, पाचला मुलीला आणायला धावते, रोज धाप लागते. दोन्ही केलंय म्हणून सांगते, मला घरचं जड गेलं. काम जास्त होतं म्हणून नव्हे. दिवस संपल्यावर दाखवायला काही नसायचं, आणि दुधाची पिशवी आणायची तरी कार्ड नवऱ्याचं.

ज्यांनी स्वतः ठरवून घरी राहणं निवडलं त्यांचा अनुभव वेगळा असेल. माझा हा असा आहे.

बाबा_घरी | १६ जानेवारी, दुपारी १२:१०

पुरुष असून लिहितोय. बायको नागपूरला बँकेत, मी घरून फ्लेक्स डिझाइनचं काम करतो, मुली माझ्याकडे. पहिल्या वर्षी शाळेच्या पालकसभेत तीन बायांनी आणि मुख्याध्यापकांनी माझं कौतुक केलं, मी वेण्या घालतो म्हणून. बायको आठ वर्षं वेण्या घालत होती, तिचं कोणी केलं नाही. मला त्या दिवशी लाज वाटली.

केंद्र सरकारच्या नोकरांना पितृत्वाची रजा पंधरा दिवस आहे. खासगीत तर कायद्याचं बंधनच नाही. बाळ पंधरा दिवसांत बापाच्या हाताला लागत नाही. ते लागायला रात्री जागाव्या लागतात. रानजाई ताई, तुमच्या प्रश्नात दोन जावा आहेत, दोन भाऊ कुठं आहेत?

निवृत्त_बाई | १६ जानेवारी, दुपारी १:००

अनुमोदन. शेवटचं वाक्य विशेष.

फडावरची_शाळा | १६ जानेवारी, रात्री ८:४५

मी बीड जिल्ह्यात शिक्षिका आहे. हा सगळा धागा वाचताना माझ्या वर्गातल्या आया डोळ्यांसमोर येत होत्या. रानजाई, तुम्ही कराडकडच्या, तुमच्या शिवारात आत्ता ऊसतोड चालू असेल. दिवाळीच्या आसपास आमची अर्धी गावं तिकडं येतात.

फडातली बाई नोकरीवाली आई की घरची? पहाटे तीनला उठून कोपीवर भाकरी करते, बाळ झोळीत टाकून फडात जाते, नवरा तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावर गाडीत चढवते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एकच मजूर धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादम नवऱ्याच्या हातात देतो. एक दिवस पडून राहिली तर खाडा, त्याचे पाचशे रुपये कापतात. पाळी, गर्भारपण, काही बघत नाहीत. याच भीतीनं कितीतरी बायांनी तिशीच्या आत गर्भपिशवी काढून घेतली. २०१९ ला बोभाटा झाला तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.

आणि बाळाला कोण बघतं? दहा वर्षांची थोरली बहीण. ती माझ्या पटावर असते, वर्गात नसते.

मी तुमचं दुःख लहान म्हणत नाही. मी स्वतः नोकरी करते आणि माझी लेक सासूबाईंनी वाढवली. पण पगार घरात आला म्हणजे बाईच्या हातात आला असं समजू नका. कोयत्यावर अर्धं काम तिचं आणि हिशोबाच्या वहीत नाव त्याचं.

द्राक्षबाग | १६ जानेवारी, रात्री ९:२०

निफाड तालुका. नावावरून आठवलं. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, माझी आई मला कडेवर घेऊन ट्रॅक्टरमधून गेली होती. पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, नवऱ्यांनी आपणहून जमीन बायकोच्या नावावर करायची. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, अठ्ठावीस गुंठे केली. आईनं तो सातबारा देव्हाऱ्यामागं ठेवला होता. आजही दादा बागेचं औषध आणायला निघाले की आईच्या गुंठ्यांचं वेगळं विचारतात, "तुझ्यात काय मारायचं?"

रानजाई | १७ जानेवारी, रात्री ११:३५

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. निवृत्त बाई, तुमचं वाचून मी जावेला फोन दाखवला. तिची कालच नाईट संपली होती. ती वाचत असताना मी चहा ठेवला. वाचून झाल्यावर तिनं काही न बोलता आल्याचा तुकडा माझ्या हातातून घेतला आणि ठेचत बसली. मग बोलली.

२०२० ला करोनात ती चार महिने मागच्या खोलीत एकटी राहायची. ड्युटीवरून आली की बाहेरच अंघोळ, जेवण उंबऱ्यावर ठेवायचे मी. पोरगी तीन वर्षांची होती. संध्याकाळी तिला कडेवर घेऊन मी गोठ्याजवळ उभी राहायची म्हणजे आईला लांबून दिसेल. मला वाटायचं मी तिच्यावर उपकार करतेय. ती म्हणाली, "वहिनी, ती तुमच्या खांद्यावर डोकं टेकवायची तेव्हा मी आत जाऊन भिंतीला डोकं लावायचे. मला तुमचा राग यायचा. आणि रात्री वाटायचं, तुम्ही नसता तर मी काय केलं असतं." मी पण सांगितलं, तिची पगाराची स्लिप टेबलावर दिसली की मला काय होतं ते. आम्ही दोघी चौदा वर्षांत, म्हणजे तिची दहा, असं कधी बोललो नव्हतो.

माझं मत विचाराल तर ती चार महिने तिचं जड होतं, त्याला तोड नाही. आणि २०१८ ते २०२० तीन पोरं, सासऱ्यांचं ऑपरेशन आणि चार म्हशी, तेव्हा माझं. तिनंही ते कबूल केलं. मला तेवढं कोणाच्या तोंडून ऐकायचं होतं.

कायदेकानू ताई, तुमचा प्रश्न आम्ही दोघींनी मिळून बघितला. घराचा ग्रामपंचायतीचा उतारा कपाटातून काढला. नाव सासऱ्यांचं. कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून जावेची सही आहे. उताऱ्यावर तिचं नाव नाही, माझं तर नाहीच. तिनं तो कागद उलटा करून मागची बाजूसुद्धा बघितली.

कायदेकानू | १८ जानेवारी, सकाळी १०:००

असं खूप घरांत असतं. घाबरू नका, भांडणही काढू नका. सासरे हयात आहेत, समजूतदार असतील तर रस्ता आहे. महाराष्ट्रात राहतं घर नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडं यांना बक्षीसपत्रानं दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. सून त्या यादीत नाही, विधवा सून असेल तरच आहे. म्हणून सासऱ्यांनी मुलांना द्यायचं आणि मुलांनी आपापल्या बायकोचं नाव लावायचं, असे दोन टप्पे करावे लागतात. नोंदणीचा बाकीचा खर्च वेगळा, तो दुय्यम निबंधकांकडे विचारा. घर बँकेकडे तारण आहे, त्यामुळं बँकेचं ना-हरकत पत्र आधी. घर वडिलोपार्जित आहे की सासऱ्यांनी स्वतः घेतलं, तेही बघावं लागेल. मूळ कागद घेऊन जवळच्या वकिलाकडे जा.

आणि सासूबाईंना वगळू नका.

सात_त्रेपन्न | १८ जानेवारी, संध्याकाळी ७:१५

काय झालं ते नक्की लिहा ताई. काल ऑफिसात पाळणाघरासाठी अर्ज दिला, अकरा सह्या झाल्या. त्यात चार बाबांच्या आहेत.

रानजाई | १९ जानेवारी, रात्री १०:५०

आज जेवणं झाल्यावर विषय काढला. दीर आधी चिडले, "आत्ता वाटण्या करायच्या काय?" हे गप्प होते. मग म्हणाले, "वाटणी नाही म्हणत त्या, नाव लावा म्हणतायत." सासरे "बघू" म्हणून उठले. हो नाही म्हणाले, नाही पण नाही म्हणाले. मला खरं तर रागच आला, कारण वास्तुशांतीच्या दिवशी ज्यांच्या पगाराचं आणि हाताचं कौतुक चाललं होतं, त्यांनी नाव मागितल्यावर सगळे ताटाकडं बघायला लागले.

सासूबाई मात्र बसून राहिल्या. माझ्याकडून उतारा मागून घेतला, चष्मा लावला. त्या सातवी शिकलेल्या आहेत, वाचतात नीट. बोट फिरवत सगळा वाचला. मला वाटलं आता बोलणार. त्या म्हणाल्या, "पन्नास वर्षं मी सारवलं हे घर. माझं पण नाही की गं ह्यात."

सोमवारी जावेची सुट्टी आहे. ताजा उतारा काढायला ग्रामपंचायतीत तिघी जातोय. म्हशींच्या धारा त्या दिवशी हे आणि भाऊजी काढणार आहेत.